माळा भरला की सामान गॅलरीत

गेल्या महिन्यात धाकट्या भावाबरोबर लालबागच्या टेलरकाकांकडे गेले होते. भाऊ सडपातळ, वजन 64 किलो. काकांनी नेहमीप्रमाणे पोटाखाली टेप लावली: 34. मी म्हटलं, "काका, जरा बेंबीच्या वर लावून बघा ना." टेप 38 वर थांबली.

भावाला वाटलं, मी चिडवतेय. पण त्याच आठवड्यात मी त्याचा रिपोर्ट वाचला होता. उपाशीपोटी साखर 108, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) 190. भारतीय पुरुषासाठी पोटाच्या घेराची मर्यादा 90 सेंटिमीटर, म्हणजे साधारण साडेपस्तीस इंच. बाईसाठी 80, म्हणजे साडेएकतीस. घेर, साखर (100 किंवा वर), ट्रायग्लिसराइड (150 किंवा वर), रक्तदाब (130/85 किंवा वर) आणि कमी झालेलं एचडीएल (म्हणजे 'चांगलं' कोलेस्टेरॉल), या पाचांपैकी तीन गोष्टी जुळल्या की त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. भावाच्या तीन जुळल्या होत्या, आणि वजनकाट्याला त्याचा पत्ताच नव्हता.

चरबीला आपण उगाच सरसकट शिव्या घालतो. आमच्या चाळीतल्या खोलीला पोटमाळा होता. पाहुण्यांच्या गाद्या, गणपतीची आरास, मोठी पातेली, सगळं वर जायचं आणि खाली वावरायला जागा राहायची. त्वचेखालची चरबी म्हणजे हा माळा. काही माणसांच्या शरीरात जन्मतःच चरबी साठवायला पेशी जवळजवळ नसतात. दिसायला ती अगदी बारीक, पण त्यांना तीव्र मधुमेह आणि फॅटी लिव्हर होतं, कारण खाल्लेलं ठेवायला जागाच नसते.

माळा भरला की आमच्याकडे ट्रंका गॅलरीत यायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ठेच लागायची. शरीरातही तेच होतं. त्वचेखालच्या पेशी फुगून फुगून थकल्या की चरबी आतड्यांभोवती, यकृतात, स्नायूंत जाऊन बसते. आतड्यांभोवतीच्या चरबीतून सुटलेली मेदाम्लं रक्तावाटे थेट यकृतात पोहोचतात. शिवाय फुगलेल्या पेशींभोवती रोगप्रतिकारक पेशी गोळा होतात, तिथे धुमसती सूज राहते आणि साखर आवरणाऱ्या इन्शुलिनचा निरोप नीट पोहोचेनासा होतो. यकृत मग गरज नसताना साखर सोडत राहतं आणि रक्तात ट्रायग्लिसराइड ओततं. त्यापाठोपाठ एचडीएल घसरतं. स्वादुपिंड जास्त इन्शुलिन बनवून वेळ मारून नेतं. वाढलेल्या इन्शुलिनमुळे मूत्रपिंडं मीठ धरून ठेवतात, रक्तदाब चढतो. पाच वेगळ्या तक्रारी वाटतात, पण मूळ एकच.

2004 साली अमेरिकेत लठ्ठ स्त्रियांच्या पोटावरच्या त्वचेखालून सुमारे 10 किलो चरबी लायपोसक्शनने काढून पाहिली. साखर, रक्तदाब, इन्शुलिनचं काम, काहीच सुधारलं नाही. माळा रिकामा केला, गॅलरीतल्या ट्रंका तशाच!

त्याच वर्षी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा फोटो छापून आला. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखाच: 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिक यांची 21.2. आपल्याकडे 'बारीक आहे, त्याला काय होणार' असं म्हणतात तेव्हा मला हा फोटो आठवतो आणि काळजी वाटते.

दिलासा एवढाच, की नियमित व्यायामाने आतली चरबी कमी होते, कधीकधी वजन फारसं न हलताही. शिवाय जेवणानंतरची साखर सर्वांत जास्त उचलतात ते स्नायूच. म्हणून भाऊ आता दादरला उतरून लालबागपर्यंत चालत येतो. आईने रात्रीच्या भाताचं पातेलं लहान केलंय.

परवा पँट आणायला गेलो तर काकांनी स्वतःच्याच पोटाभोवती टेप गुंडाळली होती. "ताई, नक्की कुठे धरायची?"

शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड, दोन्हींच्या मधोमध. पोट आत न ओढता, श्वास सोडून.