जुनं सचिवालय: पश्चिमेचं ऊन अडवायचं आणि वारा आत घ्यायचा

मुंबईच्या ओव्हल मैदानावर आलेला माणूस राजाबाई टॉवर आणि हायकोर्टाचे फोटो काढतो, पण त्याच ओळीत दक्षिणेला जी लांबलचक दगडी इमारत आहे तिच्याकडे कोणी नीट बघत नाही. ते जुनं सचिवालय. आता तिथे सिटी सिव्हिल अँड सेशन्स कोर्ट भरतं. कर्नल हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स या लष्करी इंजिनिअरने व्हेनेशियन गॉथिक (म्हणजे व्हेनिसच्या धर्तीच्या टोकदार कमानींच्या) शैलीत डिझाइन केलेली ही इमारत १८७४ साली पूर्ण झाली. तेव्हा समोर, म्हणजे पश्चिमेला, मोकळं होतं आणि पलीकडे समुद्र, मैदानासमोरच्या आर्ट डेको बिल्डिंगा समुद्रात भराव टाकल्यावर १९३० च्या दशकात आल्या.

आता गंमत बघा. दुपारी जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची गार हवा आत येते, म्हणजे वारा पश्चिमेकडून. पण त्याच वेळी ऊनही पश्चिमेकडूनच, तेही तिरपं, थेट खोलीत घुसणारं! मोठ्या खिडक्या ठेवल्या तर साहेब भाजून निघणार, लहान ठेवल्या तर घामाने भिजणार. यावर उत्तर म्हणजे इमारतीच्या अंगावरचे ते कमानींचे व्हरांडे. ऊन व्हरांड्याच्या फरशीवर पडतं, आतली भिंत सावलीत राहते आणि वारा मात्र बिनधास्त आत जातो. शिवाय जाड दगडी भिंतीतून उष्णता इतकी सावकाश सरकते की दुपारचं ऊन आतल्या बाजूला जाणवेपर्यंत ऑफिस सुटलेलं असतं.

टोकदार कमानींचंही तसंच, लोकांना ती नुसती नक्षी वाटते, पण अर्धगोल कमान खांबांना बाजूला जास्त रेटते आणि टोकदार कमान वजन जास्त करून खाली उतरवते, त्यामुळे खांब त्या मानाने सडपातळ चालतात आणि वाऱ्याला वाट मोठी मिळते.

बाहेरचा पिवळसर दगड पोरबंदरचा, म्हणजे चुनखडक, समुद्रातल्या बारीक जीवांच्या कवचांपासून बनलेला. जवळून पाहिलात तर बारीक दाणे दिसतात. कोरायला सोपा, पण सच्छिद्र. खाऱ्या हवेतलं मीठ ओलीबरोबर छिद्रांत शिरतं, वाळताना त्याचे स्फटिक फुगतात आणि दगडाचा पापुद्रा सुटतो. म्हणून अशा दगडाच्या सांध्यात सिमेंट भरणं मला तरी गुन्हाच वाटतो, कारण सांध्यातून ओल बाहेर पडत नाही, ती दगडातून वाट काढते आणि मीठ तिथेच साचतं. सांध्यात चुना भरला तर तो ओल बाहेर सोडतो, तो खराब झाला तर पुन्हा भरता येतो, कोरलेला दगड गेला की गेला.