नेपाळ: राष्ट्रसंघाच्या चार वर्षांच्या मुक्कामाची पार्श्वभूमी

फेब्रुवारी १९९६ मध्ये रोल्पा, रुकुम आणि गोरखा भागांतल्या पोलिस चौक्यांवर हल्ले करून नेपाळच्या माओवाद्यांनी ‘जनयुद्ध’ पुकारलं. पुढच्या दहा वर्षांत तेरा हजारांहून अधिक माणसं मेली. १ फेब्रुवारी २००५ रोजी राजे ज्ञानेंद्र यांनी सगळी सत्ता स्वतःकडे घेतली आणि संसदीय पक्ष थेट माओवाद्यांच्या जवळ ढकलले गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दोघांचा बारा कलमी समझोता झाला, तोही दिल्लीत. एप्रिल २००६ च्या जनआंदोलनापुढे राजाला नमावं लागलं.

आता प्रश्न होता दोन सैन्यांचा. ९ ऑगस्ट २००६ रोजी पंतप्रधान गिरिजाप्रसाद कोईराला आणि माओवादी नेते प्रचंड यांनी संयुक्त राष्ट्रसंघाच्या सरचिटणीसांना एकाच मजकुराची दोन वेगळी पत्रं पाठवली: शस्त्रांवर देखरेख ठेवा, संविधानसभेच्या निवडणुकीला मदत करा. नोव्हेंबरमध्ये शांतता करार झाला. २३ जानेवारी २००७ रोजी सुरक्षा परिषदेच्या ठराव १७४० ने ‘अनमिन’ हे राजकीय मिशन स्थापन झालं आणि इयान मार्टिन त्याचे प्रमुख झाले. शेजारच्या देशात राष्ट्रसंघाने राजकारणात फार शिरावं हे दिल्लीला रुचत नव्हतं. मिशनचा आवाका आखूड राहण्यामागे तेही एक कारण होतं.

इथे शांतिसेना आली नाही. आले ते जास्तीत जास्त १८६ निःशस्त्र निरीक्षक. माओवादी लढवय्ये सात मुख्य आणि एकवीस उपछावण्यांत राहिले. त्यांची शस्त्रं नोंदवून कंटेनरमध्ये बंद केली गेली. कुलपाची किल्ली मात्र माओवाद्यांकडेच होती. राष्ट्रसंघाच्या हाती कॅमेरे, भोंगा आणि नोंदवही. तितकीच शस्त्रं नेपाळी सैन्यानेही बंद करून ठेवायची होती. कोणालाही हरल्यासारखं वाटू न देणारी ही व्यवस्था मला या साऱ्या प्रक्रियेतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते.

अनमिनने केलेल्या लढवय्यांच्या पडताळणीत १९,६०२ जण पात्र ठरले, ४,००८ बाद झाले. त्यांतले २,९७३ जण शस्त्रसंधीच्या वेळी अठरा वर्षांचेही नव्हते. या मुलांना तात्काळ घरी पाठवायला हवं होतं. पण ती छावणीतून बाहेर पडली २०१० च्या सुरुवातीला. पक्षांच्या ओढाताणीत त्यांची उमेदीची वर्षं गेली, आणि हा या शांतताप्रक्रियेवरचा मोठा डाग आहे.

दोनदा पुढे ढकललेली निवडणूक १० एप्रिल २००८ रोजी झाली. माओवादी सर्वांत मोठा पक्ष ठरले आणि २८ मे रोजी नेपाळ प्रजासत्ताक झालं. लढवय्यांना सैन्यात घ्यायचं की नाही, हा वाद मात्र तसाच राहिला. मे २००९ मध्ये सेनाप्रमुख कटवाल यांच्या बडतर्फीवरून प्रचंड यांनी पंतप्रधानपद सोडलं. त्याच महिन्यात प्रचंड यांची एक जुनी चित्रफीत बाहेर आली. लढवय्यांचा आकडा आपण फुगवून सांगितला, असं ते शक्तिखोर छावणीत आपल्याच लोकांना सांगत होते. त्यानंतर अनमिनवर टीकेची झोड उठली. पण लढवय्यांचं पुढे काय करायचं हे ठरवण्याचा अधिकार मिशनला कधी दिलाच नव्हता. तो नेपाळी पक्षांकडेच होता, आणि ते वर्षानुवर्षं फक्त मुदत वाढवून घेत राहिले.

१५ जानेवारी २०११ रोजी मिशन बंद झालं. देखरेख नेपाळच्या विशेष समितीकडे गेली आणि एप्रिल २०१२ मध्ये सैन्याने छावण्या ताब्यात घेतल्या. अखेर सुमारे १,४०० जण सैन्यात सामावले गेले. साडेपंधरा हजारांच्या आसपास लढवय्ये पाच ते आठ लाख नेपाळी रुपये घेऊन घरी परतले.