यूट मणिकाम

यूट मणिकाम : उत्तर अमेरिकेतील यूट या मूलनिवासी लोकांची, कमावलेल्या कातड्याच्या बटव्यांवर बारीक काचमणी शिवण्याची कला. कोलोरॅडो, यूटा आणि न्यू मेक्सिकोचा उत्तर भाग हा त्यांचा मूळ प्रदेश.

हरणाचे किंवा एल्क या मोठ्या हरणाचे कातडे खरवडून त्यावर जनावराचाच मेंदू चोळत व नंतर धुरी देत. धुरावलेले कातडे भिजून वाळले तरी मऊ राहते. यूटांच्या अशा कातड्यांना न्यू मेक्सिकोतील ताओसच्या बाजारात मागणी असे. काचमणी येण्यापूर्वी सजावटीला साळिंदराचे रंगवलेले काटे, बिया व हाडाचे मणी वापरत. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी व्यापाऱ्यांनी जाड मणी आणले. व्हेनिस व बोहेमियाचे बारीक मणी साधारणतः १८४० नंतर रुळले असावेत.

मुख्य टाका ओळींचा. सात-आठ मणी जनावराच्या पाठीजवळच्या स्नायूबंधाच्या धाग्यात (तातीत) ओवून ती ओळ फक्त दोन्ही टोकांना कातड्यात अडकवतात. आरीचे भोक कातड्याच्या निम्म्या जाडीपर्यंतच जात असल्याने मागील बाजूस टाका दिसत नाही. मधले मणी मोकळे राहून किंचित उचलले जातात आणि पट्ट्यांना कमानदार उठाव येतो. ओली तात वाळताना ताठर होते. तिचे टोकच सुईचे काम करते.

या शैलीच्या उगमाविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक ओळटाक्यावरून ती शायेन व अरापाहो या मैदानी शेजाऱ्यांकडून आल्याचे मानतात. इतर जण मोठे त्रिकोण व फिकट निळी पार्श्वभूमी यांवरून क्रो जमातीशी आणि पठारी प्रदेशातील जमातींशी नाते जोडतात. यूटांच्या पूर्वेकडील टोळ्या अमेरिकी गव्याच्या (बायसनच्या) शिकारीसाठी मैदानात उतरत, तर उत्तरेकडील टोळ्यांचा शोशोनी जमातीशी संबंध होता. त्यामुळे एकच उगम न मानता टोळीनुसार वेगळे प्रवाह मानणे अधिक सयुक्तिक वाटते. हिकारिया अपाची ही जमात यूटांची शेजारी व मित्र असल्याने त्यांचे बटवे यूटांच्या बटव्यांहून वेगळे ओळखणे कठीण जाते. उपलब्ध नमुने बहुतांशी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील असल्याने संग्रहालयातील जमातनिहाय नोंदी सावधपणे वाचाव्या लागतात. या कलेत नावाजलेली चिपेटा (सु. १८४३–१९२४) ही जन्माने कायोवा अपाची होती, ती यूटांमध्ये वाढली आणि प्रमुख उरे याची पत्नी झाली. करणारीच दोन जमातींची असता वस्तू कोणा एकीची ठरवणे सोपे नाही.

बटव्यांत चकमकीचा बटवा विशेष आढळतो. गारगोटी, पोलाद व कापूस-भुशासारखे पेट घेणारे साहित्य त्यात राही. तळाशी पत्र्याच्या लहान शंकूंची किणकिणती झालर असे. आरीची म्यानेही अशीच सजवत.

१८८१ मध्ये यूटांच्या काही टोळ्यांना कोलोरॅडोतून यूटा प्रदेशात हलवण्यात आले. कोलोरॅडोतील मॉन्ट्रोज येथे उरे व चिपेटा यांच्या शेताच्या जागी १९५६ मध्ये यूट संग्रहालय सुरू झाले.