सुईला न पेलणारा ढोल

एप्रिल १९२३. अमेरिकेच्या इंडियाना राज्यातलं रिचमंड हे लहानसं शहर. तिथल्या स्टार पियानो कंपनीच्या आवारात, रेल्वेच्या रुळांना खेटून, तिच्याच जेनेट या तबकड्यांच्या शाखेची ध्वनिमुद्रणाची खोली होती. गाडी येताना ऐकू आली की वाजवणं थांबवायचं, ती गेली की पुन्हा सुरू करायचं. शिकागोहून किंग ऑलिव्हरचा बँड इथे आला होता. आज या मुद्रणाला जॅझच्या इतिहासात फार वरचं स्थान आहे. पण त्या बँडनं शिकागोच्या नाचघरात जे वाजवलं जात होतं ते इथे वाजवलंच नाही, कारण तसं वाजवणं शक्यच नव्हतं.

ड्रमवादक बेबी डॉड्सला मोठा ढोल बाजूला ठेवायला लागला आणि लाकडी ठोकळ्यांवर ठेका धरावा लागला. बिल जॉन्सन हा मुळात डबल बासवाला, म्हणजे खर्जातलं माणसाएवढं उंच तंतुवाद्य वाजवणारा, त्यानं बँजो घेतला. आणि एकवीस वर्षांचा लुई आर्मस्ट्राँग? त्याचा कॉर्नेट, म्हणजे ट्रंपेटसारखं फुंकून वाजवायचं पितळी वाद्य, इतका दणदणीत की शेजारी उभ्या ऑलिव्हरच्या कॉर्नेटचा आवाज दबून जाई. मग त्याला बाकीच्यांपासून दूर, मागे नेऊन उभं केलं. ही आठवण पियानोवर बसलेल्या लिल हार्डिननं पुढे सांगितली आहे. वर्षभरात तिचं आणि लुईचं लग्न झालं.

हे सगळं कुणा वादकानं ठरवलेलं नव्हतं. ठरवत होता तो भिंतीतून बाहेर आलेला एक कर्णा.

तेव्हा मायक्रोफोन नाही, अँप्लिफायर नाही, विजेचा संबंधच नाही. वाद्यातून निघालेली हवेची कंपनं कर्ण्यात शिरत, त्याच्या निमुळत्या टोकाला लावलेला पातळ पडदा हलवत. पडद्याला जोडलेली सुई खाली फिरणाऱ्या मेणाच्या तबकडीवर नागमोडी चर कोरत जाई. कोरण्याची सगळी ताकद वादकाच्या फुप्फुसांतून आणि हातांतून यायची. मेण मऊ राहावं म्हणून ते आधी गरम करत, आणि मुद्रण कसं झालंय हे ऐकायची सोय नव्हती, कारण मेण वाजवून बघितलं तर चर खराब व्हायचा. चूक झाली की नवी तबकडी लावायची.

आता ढोलाचं काय बिघडत होतं ते बघू. सुई ज्या वेगानं डावी-उजवीकडे हलते तो वेग तेवढाच ठेवला, तर स्वर एक सप्तक खाली गेल्यावर तिची हालचाल दुप्पट रुंद होते. कारण सोपं आहे: खालच्या स्वराचं एक कंपन पूर्ण व्हायला दुप्पट वेळ लागतो, तेवढ्या वेळात सुई दुप्पट अंतर जाते. ढोलावर जोरात टोला पडला की सुई शेजारच्या शेताचा बांध फोडावा तशी पलीकडच्या चरात घुसायची, नाही तर उडायचीच. तबकडी बाद.

याउलट डबल बास वाजवला तर तो उमटायचाच नाही. साध्या कर्ण्याची पकड ढोबळमानानं २०० ते २,५०० हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला तितकी कंपनं) एवढीच होती. डबल बासची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झच्या आसपास कंप पावते. झांजेची झळाळी दुसऱ्या टोकाला, मर्यादेच्या वर. म्हणून कंपन्या बासच्या जागी ट्यूबा हे मोठं पितळी फुंकवाद्य आणत. ट्यूबाचा मूळ स्वरही कर्ण्यात नीट येत नाही, पण त्याचे वरचे उपस्वर ठसठशीत असतात, ते येतात. आणि इथे आपला मेंदू मदतीला धावतो. २००, ३०० आणि ४०० हर्ट्झचे स्वर एकदम कानावर पडले तर मेंदू त्यांचं मूळ शोधतो आणि आपल्याला १०० हर्ट्झची पट्टी ऐकू येते, प्रत्यक्षात ती नसली तरी. जुन्या तबकडीवर आपण जो खर्ज ऐकतो, त्यातला बराचसा असा आपणच भरलेला असतो.

जॅझची पहिली तबकडी निघाली ती याच्या सहा वर्षं आधी, २६ फेब्रुवारी १९१७ रोजी न्यूयॉर्कमध्ये व्हिक्टर कंपनीत. वाजवणारे होते ओरिजिनल डिक्सीलँड जॅस बँडचे पाच गोरे वादक. ज्या काळ्या वस्त्यांतून हे संगीत वर आलं, तिथल्यांना कर्ण्यापुढे उभं राहायला आणखी काही वर्षं थांबावं लागलं. न्यू ऑर्लिन्सचा बडी बोल्डन, ज्याला जॅझचा मूळपुरुष मानतात, तो १९०७ मध्ये मनोरुग्णालयात गेला आणि १९३१ मध्ये तिथेच वारला. त्याचा एक सूरही आज उपलब्ध नाही. व्हिक्टरच्या त्या तबकडीवर मात्र क्लॅरिनेट कोंबड्यासारखी आरवते, कॉर्नेट घोड्यासारखा खिंकाळतो, ट्रोम्बोन गाईसारखा हंबरतो. हे सगळे आवाज कर्ण्याला मानवणाऱ्या मधल्या पट्टीतले. ठेक्यातला खर्ज पुसला गेला आणि गंमत राहिली. जॅझ म्हणजे गोंगाट आणि माकडचेष्टा, असं अमेरिकेतल्या सभ्य घरांनी जे ठरवून टाकलं, त्यातला थोडा दोष मी तरी या कर्ण्याला देईन. बाकीचा दोष कुठला ते सांगायला नको.

तीन मिनिटांचं बंधनही असंच आलं. दहा इंची तबकडीवर चरांसाठी त्रिज्येतली पावणेतीन-तीन इंच जागा मिळायची, इंचाला साधारण नव्वद चर. म्हणजे अडीचशेच्या आसपास फेरे, मिनिटाला ७८ या गतीनं सव्वातीन मिनिटं. नाचघरात लोक नाचताहेत तोवर लांबवत न्यायचं संगीत इथे घड्याळावर आलं. (आपल्याकडे १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जाननं ग्रामोफोन कंपनीसाठी गायलं तेव्हा ख्यालाचंही हेच झालं.) जॅझ रचनाकार ड्यूक एलिंग्टनला १९३१ मध्ये मोठी रचना करावीशी वाटली तेव्हा त्यानं ती तबकडीच्या दोन्ही बाजूंवर वाटली.

तबकडीचा एक गुण मात्र शिकणाऱ्यांच्या पथ्यावर पडला. ती सावकाश फिरवता येते. आयोवातल्या डेव्हनपोर्टचा बिक्स बायडरबेक घरातल्या त्याच डिक्सीलँड बँडच्या तबकड्यांना साथ करत कॉर्नेट शिकला, कुणा गुरूकडे न जाता. गती निम्मी केली की सगळं एक सप्तक खाली येतं. स्वरांची नावं तीच राहतात आणि बोटांना वेळ मिळतो. गती थोडीच चुकली तर मात्र पंचाईत. सहा टक्क्यांचा फरक म्हणजे अर्धा स्वर, आणि त्या काळी ७८ हा आकडा सगळे काटेकोर पाळत नव्हते. जुनी मुद्रणं दुरुस्त करणारे आजही वादकांना सोयीची पट्टी कोणती यावरून तबकडीची खरी गती ताडतात.

१९२५ मध्ये कर्णा गेला. बेल प्रयोगशाळेतल्या जोसेफ मॅक्सफील्ड आणि हेन्री हॅरिसन यांनी टेलिफोनच्या तारांसाठी तयार झालेलं गणित ध्वनिमुद्रणाला लावलं. मायक्रोफोन, निर्वात नळ्यांचा अँप्लिफायर आणि विजेवर हलणारी सुई आली. पकड सुमारे १०० ते ५,००० हर्ट्झपर्यंत गेली. दोनच वर्षांत जाँ गोल्डकेटच्या वाद्यवृंदात स्टीव्ह ब्राऊन डबल बासच्या तारा त्याच्या लाकडी दांडीवर आपटत वाजवतो आणि ते तबकडीवर स्वच्छ ऐकू येतं.

सर्वांत मोठा बदल गळ्यात झाला. कर्ण्यापुढे ओरडावं लागे. गायक रुडी व्हॅली तर कार्यक्रमात हातात भोंगा धरून गायचा. आता ताकद विजेची, गायकानं फक्त तोंड जवळ न्यायचं. बिंग क्रॉस्बीसारखे गायक कानात कुजबुजल्यासारखे गाऊ लागले. या शैलीला क्रूनिंग म्हणतात. हजारो घरांत अनोळखी पुरुषाचा एवढा जवळचा आवाज रेडिओवरून शिरतोय, हे सगळ्यांनाच रुचलं नाही. १९३२ मध्ये बॉस्टनचे कॅथलिक धर्मगुरू कार्डिनल ओ'कॉनेल यांनी क्रूनिंग अधःपतित आहे असं जाहीर सांगितलं. क्रॉस्बीच्या तबकड्यांच्या खपावर त्याचा परिणाम झाला नाही.