खंडोबानं चोरी करायला सांगितलं तर?

आमच्या कराड तालुक्यात पालच्या खंडोबाचा बेल-भंडारा उचलून खोटं बोलायला भल्याभल्यांचे हात कापतात. तलाठ्याला न जुमानणारा गडीसुद्धा ‘उचल भंडारा’ म्हटलं की घसा खाकरायला लागतो. पण खोटं बोलणं वाईट, हे त्याला देवामुळं कळलं की आधीच कळत होतं?

चौथीतल्या पुतणीवर प्रयोग केला. रविवार खंडोबाचा वार, त्या दिवशी आमच्यात मटण शिजत नाही. “देवच म्हणाला, रविवारी चालंल, तर?” “मग खायचं की!” “आणि शेजारच्या परड्यातले पेरू चोर म्हणाला तर?” ती माझ्याकडं बघतच राहिली. “देव आसं कसं म्हणंल? म्हणला तर त्यो देवच न्हाई.”

एका पोरीच्या उत्तराला विज्ञान म्हणत नाहीत. पण लॅरी नुची आणि इलियट ट्युरिएल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी असेच प्रश्न धार्मिक घरांतल्या ख्रिस्ती आणि ज्यू मुलांना विचारले होते. त्यांचा अभ्यास १९९३मध्ये छापून आला. विश्रांतीच्या वारी काम करू नये, हा नियम देवानं केला नसता तर काम करायला हरकत नव्हती, असं बहुतेक मुलं म्हणाली. चोरी मात्र देवाचा नियम असो वा नसो, वाईटच. कारण त्यात कुणाचं तरी नुकसान होतं. म्हणजे ‘देवाचं म्हणून पाळायचं’ आणि ‘मुळातच वाईट’ हे दोन कप्पे पोरं लहानपणीच वेगळे ठेवतात.

मोठ्यांचं गणित जरा अडचणीचं आहे. शिकागो विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ निकोलस एपली आणि सहकाऱ्यांनी २००९मध्ये दाखवलं, की देवाचं मत काय असेल असं विचारल्यावर माणसं बरंचसं स्वतःचंच मत सांगतात. युक्तिवाद ऐकवून किंवा भाषण लिहायला लावून त्यांची मतं थोडी हलवली, तर देवाचं मतही त्याच दिशेनं सरकलं! मेंदूच्या स्कॅनमध्येही देवाचा विचार हा परक्या माणसाच्या मताच्या विचारापेक्षा स्वतःच्या मताच्या विचाराशी जास्त जुळला. सहभागी लोक अमेरिकेतले होते, तेव्हा आपल्याकडं तंतोतंत तसंच असेल असं मी म्हणणार नाही.

पण आमच्या भावकीतला एक बांध आठवतो. दोघा चुलतभावांनी भंडारा उचलला. दोघांचेही तळवे पिवळे, आणि हात एकाचाही कापला नाही. पुढं रीतसर मोजणी झाली तेव्हा हद्दीचा दगड दोघांनी दाखवलेल्या जागा सोडून तिसरीकडंच निघाला.