झोपवणारा कर्नल, उठवणारा कर्नल

कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) अपग्रेड झाला, रीबूट न करताच रात्री मशीन हायबरनेट केलं (रॅममधलं सगळं डिस्कवर ठेवून बंद केलं), सकाळी बटण दाबलं तर सगळं कोरं. लिनक्सवर हे दुखणं जुनं आहे, आणि त्याचं मूळ हायबरनेटच्या घडणीतच आहे.

1996च्या अखेरीस आलेल्या एसीपीआय या वीज-व्यवस्थापनाच्या मानकामध्ये या अवस्थेचं नाव एस4. लिनक्समध्ये गाबोर कुटीने सुरू केलेलं आणि पावेल माखेकने पुढे नेलेलं 'एसडब्ल्यूसस्प' हे हायबरनेटचं काम 2002 मध्ये कर्नलच्या 2.5 मालिकेत आलं. नायजेल कनिंगहॅमचं 'टक्सऑनआइस' हे पर्यायी काम अनेकांना जास्त आवडायचं, पण ते मुख्य कर्नलमध्ये कधीच गेलं नाही. पद्धत एकच: रॅमची प्रतिमा स्वॅपमध्ये (डिस्कवर रॅमसाठी राखलेल्या जागेत) लिहायची आणि वीज तोडायची.

उठवताना मात्र आधी एक ताजा कर्नल बूट होतो आणि तो ती प्रतिमा रॅममध्ये परत भरतो. म्हणजे या कामात कर्नल दोन. सुरुवातीला दोन्ही तंतोतंत एकच असावे लागत. प्रतिमेच्या शीर्षात आवृत्तीच काय, बिल्डची तारीखही असे; त्याच आवृत्तीचा कर्नल पुन्हा कंपाइल केला तरी प्रतिमा नाकारली जाई. 2008च्या जानेवारीतल्या 2.6.24 पासून 64-बिट एक्स86 वर (इंटेल-एएमडीच्या नेहमीच्या प्रोसेसरांवर) ही अट सैल झाली. तिथे नव्या कर्नलने जुन्याला उठवलं, तर कर्नलची आवृत्ती सांगणारी 'यूनेम -आर' ही आज्ञा जुनीच आवृत्ती दाखवते. घोळ नाही तो. जागा झालेला कर्नल जुनाच असतो.

मग आजही का अडतं? माझ्या मते कर्नलपेक्षा इनिटरामएफएसकडे, म्हणजे बूटच्या सुरुवातीला चालणाऱ्या छोट्या फाइल-संचाकडे, आधी बघावं. अपग्रेडसोबत तो नव्याने बनतो. स्वॅप पूर्वी कधीतरी पुन्हा फॉरमॅट केला असेल तर त्याचा यूयूआयडी (ओळखक्रमांक) बदललेला असतो, आणि प्रतिमा कुठे शोधायची ते सांगणारं 'रिझ्यूम=' जुन्याच पत्त्यावर बोट दाखवत राहतं. प्रतिमा जागेवर असते, तिच्याकडे कुणी बघतच नाही.

दुसरं कारण 2019च्या 5.4 कर्नलमधलं लॉकडाउन, म्हणजे कर्नलशी छेडछाड रोखणारी बंधनं. अनेक डिस्ट्रो (लिनक्सचे तयार संच) सिक्युअर बूट, म्हणजे फक्त सही असलेलाच कर्नल बूट करू देणारी सोय, चालू असताना ते लागू करतात आणि हायबरनेट बंद होतं, कारण स्वॅपमधली प्रतिमा कुणी बदलली नाही याची खात्री कर्नलला देता येत नाही. 'डीमेसेज'मध्ये (कर्नलच्या संदेशांच्या नोंदीत) लॉकडाउनची एक ओळ दिसते. ती दिसली तर ड्रायव्हर उकरत बसू नका.

ड्रायव्हरचा संशय उरलाच, तर 'पीएम_टेस्ट' या कर्नलच्या चाचणी-सोयीमध्ये 'फ्रीझर' (फक्त प्रक्रिया गोठवणं), मग 'डिव्हायसेस' (उपकरणंही झोपवणं) असं एकेक पायरीने तपासता येतं.