झडपेआडचा तलाव

जोराचा पाऊस आणि उधाणाची भरती एकाच वेळी आली की नवी मुंबईत ‘धारण तलावांतला’, म्हणजे भरतीच्या वेळी पावसाचं पाणी धरून ठेवणाऱ्या तलावांतला, ‘गाळ कधी काढणार’ हा प्रश्न वर येतो आणि दिवाळीपर्यंत पुन्हा तळाशी जातो. गाळ का निघत नाही, तर तलावात तिवरं, म्हणजे खाऱ्या चिखलात वाढणारी मॅन्ग्रोव्हची झाडं आहेत आणि न्यायालयाच्या परवानगीशिवाय ती तोडता येत नाहीत म्हणून. पण खारं पाणी बाहेर ठेवायलाच बांधलेल्या तलावात तिवरं आली कुठून, हे विचारलं की बैठकीत सगळे गप्प होतात.

पारसिकचा डोंगर आणि ठाण्याची खाडी यांच्यामधली सपाट पट्टी मुळात खाजण, म्हणजे भरतीचं पाणी चढणारी खारी जमीन. तिथल्या आगरी गावांनी मातीचे बांध घालून भरती अडवली आणि आत भात घेतला. बांधात ठिकठिकाणी उघाडी, म्हणजे पाण्याचं झडपेसारखं दार असायचं. ओहोटीला आतलं पाणी तिला ढकलून बाहेर जायचं, भरतीला खाडीचं पाणीच ती दाबून बंद करायचं. बांधाला खांड पडली की घरटी एक माणूस चिखलात उतरायचा, कारण एकदा खारं पाणी शिरलं की ते शेत काही हंगाम गेलंच. शेजारच्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यात खार उठवणाऱ्यांसाठी, म्हणजे खारी जमीन बांध घालून लागवडीला आणणाऱ्यांसाठी शिलोत्री नावाची वेगळी जमीनधारणाच होती. १९४८ मध्ये आणि मग १९७९ मध्ये खारजमिनींसाठी कायदे झाले. बांधाची जबाबदारी गावाकडून हळूहळू सरकारदरबारी सरकली ती याच काळात.

१९७० मध्ये नवं शहर वसवायला सिडको हे सरकारी महामंडळ आलं आणि ठाणे, पनवेल, उरणकडच्या ९५ गावांची जमीन संपादनात गेली. बांधाचं काम तेव्हा मुळातून बदललं. भात दोन दिवस पाण्यात उभं राहतं, इमारतीचा तळमजला दोन तासही नाही. सगळी जमीन मोठ्या भरतीच्या वर उचलायची तर प्रचंड भराव लागला असता. म्हणून मधला मार्ग निघाला. गटारांचं पाणी बांधाच्या आतल्या खोलगट तलावात आणायचं आणि तिथून झडपांच्या दारांनी खाडीत सोडायचं. पावसाळ्यातली मोठी भरती साडेचार मीटरच्या वर जाते. बाहेरची पातळी आतल्यापेक्षा चढली की वर बिजागरीला टांगलेलं लोखंडी दार आपोआप मिटतं. ते तीनचार तास पडणारा पाऊस तलावाने पोटात घ्यायचा, म्हणून तो ‘धारण’ तलाव. वाशीचा मिनी सीशोअर, नेरुळचा ज्वेल, बेलापूरचा तलाव ही सगळी फिरायची ठिकाणं मुळात याच हिशेबातली.

याला सगळे ‘डच पद्धत’ म्हणतात. मला हे नाव पटत नाही. डचांच्या पोल्डरमध्ये, म्हणजे बांध घालून मिळवलेल्या सखल जमिनीत, पाणी उपसावं लागतं, आधी पवनचक्क्यांनी, नंतर पंपांनी. आपल्याकडे भिस्त ओहोटीवर, पंप आले ते मदतीला. ओहोटीला आपोआप उघडणारं दार ही तर उघाडीच, फक्त लोखंडाची. गोव्याच्या खाजनात तिलाच ‘मानस’ म्हणतात. हॉलंडचं नाव लावल्याने झालं एवढंच, की जी माणसं पिढ्यान्‌पिढ्या ही दारं राखत होती त्यांना विचारायची गरज कुणाला वाटली नाही.

आता तिवरांकडे. हृदयरोगाचे डॉक्टर ‘झडप गळते’ म्हणतात ते इथेही तंतोतंत लागू. झडप एकाच दिशेने वाट देते तोवर ती झडप, उलटं पाणी झिरपू लागलं की ती नुसती भोक असलेली भिंत. गेल्या वर्षी एका तलावाच्या तोंडाशी ओहोटीला मी उभा होतो. दाराच्या खालच्या कडेत कुणीतरी सोडलेला पूजेचा नारळ आणि एक सिमेंटची गोणी अडकली होती, दार चार बोटं उघडं. पुढच्या भरतीला त्या चार बोटांतून खाडी आत येणार, गाळ घेऊन. पावसाळ्यात तिवराची फळं गळतात ती पाण्यावर तरंगत त्याच वाटेने येतात. तिवराला हे पाणी मानवतं. बरंचसं मीठ ते मुळाशीच अडवतं, उरलेलं पानांतून बाहेर टाकतं, पान जिभेला लावलं तर खारट लागतं. गाळ साचला की तिवर रुजतं, तिवर रुजलं की त्याच्या श्वसनमुळांत आणखी गाळ अडकतो. असं वर्षानुवर्षं चाललं आणि तलाव उथळ झाला.

खरी गुंतागुंत शब्दांची आहे. २६ जुलै २००५ ला खाडीपलीकडे सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरात उच्च न्यायालयाने तिवरांची तोड आणि त्यांच्यापासून ५० मीटरच्या आतलं बांधकाम थांबवलं. सप्टेंबर २०१८ च्या निकालाने ते कायम केलं, तिवरं नष्ट करणं म्हणजे जगण्याच्या हक्कावर घाला, असं म्हणून. सार्वजनिक कामासाठीही न्यायालयाची परवानगी लागते. त्यामुळे ज्या आवाराला अभियंता ‘तलाव’ म्हणतो ते वनखात्याच्या लेखी ‘कांदळवन’, पक्षीनिरीक्षकाच्या लेखी ‘पाणथळ’ आणि बिल्डरच्या लेखी ‘मोकळा भूखंड’. २०१७ चे पाणथळ नियम पिण्याच्या पाण्यासाठी, मत्स्यशेतीसाठी, मीठ पिकवायला, करमणुकीसाठी, सिंचनासाठी खास बांधलेल्या जागा वगळतात. पुराचं पाणी धरायला बांधलेला तलाव त्या यादीत नाही. ‘हे मानवनिर्मित आहे, म्हणून पाणथळ नाही’ हे वाक्य आपल्याकडे इतक्या वेळा ऐकू आलंय की लोकांना तोच नियम वाटतो. सीवूड्सच्या एनआरआय संकुलाजवळच्या गोल्फ कोर्सच्या वादात जागा नेमकी काय आहे हाच मुद्दा होता. नोव्हेंबर २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने त्या गोल्फ कोर्सची परवानगी रद्द केली, प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं.

गाळ काढणाऱ्यांची अडचणही खोटी नाही. पाणी सेक्टरमध्ये शिरतं तेव्हा निकालाची प्रत दाखवून ते परतत नाही. पण तिवरं आली ती झडपा गळल्यावर, आणि झडप साफ ठेवायला कुठल्याच न्यायालयाची परवानगी लागत नव्हती.

गावठाणांचं तर कुणी बोलतच नाही. भोवतालचे सेक्टर भरावाने उंच झाले, गाव होतं तिथेच राहिलं. बांध राखणाऱ्यांच्या ओट्यावर आता सेक्टरचं पाणी उतरतं.

नेरुळच्या टोकाला एका शाळेमागे रोहितांचा, म्हणजे फ्लेमिंगोंचा तलाव आहे. तिथली तक्रार बरोबर उलटी. भरतीचं पाणी आत यायच्या वाटा बुजल्या, तलाव सुकला आणि एप्रिल २०२४ मध्ये त्या परिसरात रोहित मेले. २०२५ मध्ये तो संवर्धन राखीव करायला मंजुरी मिळाली. तिथे मागणी आहे वाटा मोकळ्या करा, खाडी आत येऊ द्या. तिथून थोड्याच अंतरावर ज्वेलच्या काठी फिरायला येणाऱ्यांना खाडी बाहेरच हवी आहे.